गारीगार चित्रात कधी येणार?

एप्रिलच्या उन्हात जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर भोंगा वाजला की पोरं अनवाणी पळत सुटतात. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीत गारीगार, म्हणजे रंगीत बर्फाच्या कांड्या. पूर्वी पैशांवाचून अडत नसे. ओंजळभर ज्वारी किंवा मोडकं लोखंड दिलं तरी भागायचं. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं याच सुमारास गावी परततात, म्हणजे कित्येक पोरांना घर आणि गारीगार एकदमच भेटतं. चित्रपुस्तकाला याहून आयतं कथानक कुठलं हवं? तरी गारीगारवरचं, लक्षात राहावं असं मराठी चित्रपुस्तक नाही. आपल्याकडे दिसतो तो शहरातला कोन, नाहीतर ‘थंड खाऊ नकोस, घसा बसेल’ हा धडा.

उणीव ताकदीची नाही. माधुरी पुरंदरे यांच्या यशच्या गोष्टी किंवा ‘राधाचं घर’ उघडून पाहावं. लिहिणारा आणि रेखाटणारा हात एकच, त्यामुळे चित्र मजकुराची री ओढत बसत नाही. 2016 साली त्यांना बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला, तो सर्वार्थाने योग्य होता. 2004 मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने स्वस्त पुस्तकं शाळाशाळांत पोचवली. पण मराठी चित्रपुस्तक रमतं ते मध्यमवर्गीय घरात; धुळीच्या रस्त्यावर ते क्वचितच उतरतं.

बाहेर मात्र याच विषयावर अव्वल काम झालं आहे. सामुईल मार्शाक आणि चित्रकार व्लादिमीर लेबेदेव यांचं रशियन ‘आईस्क्रीम’ 1925 साली निघालं. सपाट रंगांचे ठसठशीत आकार, हातगाडीवाला, आणि खाऊन खाऊन स्वतःच बर्फाचा ढीग होणारा एक लठ्ठ गृहस्थ. उपदेश कुठेही नाही. मो विलेम्सच्या 2011 मधल्या पुस्तकात हत्ती आपलं आईस्क्रीम मैत्रिणीला द्यावं की नाही याचा घोळ घालत बसतो आणि तोवर ते वितळतं. विषयाची सगळी गंमत या वितळण्यात आहे. पान उलटायची घाई मुलाला आपोआप होते.

नव्याने वाचणाऱ्या मुलासाठी तर गारीगार ही पर्वणीच. ‘आईस्क्रीम’मध्ये स, क, र असं तिहेरी जोडाक्षर; पहिलीतलं पोर तिथेच अडखळतं. ‘गारीगार’ला ग आणि र एवढी दोनच अक्षरं, काना आणि वेलांटी पुरते. चित्रकारालाही केवढा वाव! चोखता चोखता नारंगी रंग वरून उतरत जातो, हातात पांढरा बर्फ उरतो आणि जीभ मात्र रंगलेली. शब्दाविना चार पानं सहज निघतील.

बर्फ कुठल्या पाण्याचा, हा आयांचा प्रश्न रास्तच आहे; तो गोष्टीत मांडणारं माणूसही जामखेडलाच सापडेल. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात खेड्यातल्याच, बहुतेक निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं हे त्यांनी घरोघर शिकवलं. अशी एखादी आजी गोष्टीत जरूर यावी. तिने गारीगारवाल्याला भर रस्त्यात अडवून पाण्यावरून भांडावं, पोरांनी दोघांच्या मधे ताटकळावं, पेटीतून थेंब गळत राहावेत. शेवटच्या पानावरची ताकीद तेवढी नको.