धमनीच्या तुकड्याचे प्रामाण्य

महापेशी धमनीदाह, अर्थात जायंट सेल आर्टेरायटिस, हा पन्नाशीनंतरचा विकार होय. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. १९३२ साली मेयो क्लिनिकच्या हॉर्टन प्रभृतींनी शंखप्रदेशातील धमनीचा छेद तपासला. पुढे बायॉप्सी ही निदानाची अंतिम कसोटी मानली गेली. हे प्रामाण्य आता तपासून पाहिले पाहिजे.

२०१६ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या, ३८१ रुग्णांच्या ‘टॅबुल’ अभ्यासात बायॉप्सीची संवेदनक्षमता ३९ टक्के, तर विशिष्टता १०० टक्के आढळली. अल्ट्रासाउंडची अनुक्रमे ५४ व ८१. परंतु या शंभरांत एक चक्र दडलेले आहे. १९९० च्या अमेरिकन निकषांत बायॉप्सीचा निष्कर्ष हाही एक घटक आहे. परीक्ष्य वस्तूच परीक्षकांत बसली, तर तिला पूर्ण गुण मिळाल्याचे नवल ते काय?

उलट पक्षी, ३९ हा आकडाही बायॉप्सीस त्याज्य ठरवीत नाही. दाह धमनीत तुटकतुटक असतो. निरोगी भागातला तुकडा मिळाला की उत्तर नकारार्थी येते. म्हणून किमान एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा असे सांगितले जाते.

२०१८ च्या युरोपीय शिफारशींनी अल्ट्रासाउंडला, तर २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शनाने बायॉप्सीला अग्रक्रम दिला. हा मतभेद बव्हंशी तपासणाऱ्याच्या हातखंड्याविषयी आहे. तात्पर्य, होकारार्थी बायॉप्सी निदान दृढ करते; नकारार्थी बायॉप्सी संशयाचे निरसन करीत नाही. दाट संशय असता स्टेरॉइड तत्काळ सुरू करावे. तुकडा त्यानंतर दोन आठवड्यांत घेता येतो, गेलेली दृष्टी मात्र परत आणता येत नाही.