गोंधळात गुपित लपते का?

लेझरच्या ‘केऑस’मध्ये संदेश दडवून पाठवला की तो कोणालाही फोडता येत नाही, असे विधान विज्ञानविषयक लेखांतून वारंवार वाचायला मिळते. या विधानाचा पूर्वार्ध आम्हाला मान्य आहे, उत्तरार्ध नाही.

आधी शब्दाविषयी. केऑसला मराठीत ‘गोंधळ’ म्हटले की विद्यार्थ्याला वाटते, येथे नियमच नाही. वस्तुतः नियम पक्का असतो; फक्त सुरुवातीचा सूक्ष्म फरक भराभर वाढत जातो. वणीला आम्ही हे मुलांबरोबर फळ्यावर करून पाहिले. एक संख्या घ्या, ती 1 मधून वजा करा, त्या दोन्हींचा गुणाकार करून 4 ने गुणा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. एका गटाने 0.3 पासून आरंभ केला, दुसऱ्याने 0.301 पासून. आठव्या पायरीला पहिल्याकडे 0.45 आले, दुसऱ्याकडे 0.72!

मग दुसऱ्या गटाला मुद्दाम दूरची, 0.8 ही संख्या दिली. मात्र प्रत्येक पायरीला त्यांनी स्वतःच्या उत्तराचा एक-चतुर्थांश आणि पहिल्या गटाच्या उत्तराचा तीन-चतुर्थांश मिसळायचा होता. आठव्या पायरीला एकाचे 0.448, दुसऱ्याचे 0.447. मुलांचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा केले. दोन केऑटिक व्यवस्था एका लयीत येतात त्या अशा.

पेकोरा व कॅरोल यांनी 1990 मध्ये ही कल्पना मांडली. पुणे विद्यापीठातील रवींद्र अमृतकर व नीलिमा गुप्ते यांनी 1993 मध्ये दाखवले की मार्गदर्शक संकेत अखंड न देता ठराविक अंतराने दिला तरी लय जुळू शकते. लेझरवरच्या मराठी लेखांत हे काम आम्हाला क्वचितच भेटले, ही खंत नोंदवून ठेवतो. 1994 मध्ये राजर्षी रॉय व थॉर्नबर्ग यांनी प्रत्यक्ष दोन केऑटिक लेझर एका लयीत आणले.

संदेशासाठी रचना अशी असते. अर्धवाहक लेझरचा थोडा प्रकाश आरशाने, किंचित उशिराने, त्याच्यातच परत सोडला की त्याची तीव्रता अब्जांश सेकंदांत वेडीवाकडी होऊ लागते. तिच्यात क्षीण संदेश मिसळायचा. पलीकडे तसाच जुळा लेझर असतो. तो केऑसची नक्कल करतो, संदेशाची फारशी करत नाही. आलेल्या प्रकाशातून नक्कल वजा केली की संदेश उरतो. 2005 मध्ये अथेन्स शहरातील 120 किलोमीटर प्रकाशतंतूवरून सेकंदाला अब्ज बिटांच्या घरात असा संदेश पाठवला गेला. वणीहून यवतमाळला रस्त्याने साधारण एवढेच अंतर पडते. प्रयोग म्हणून हे यश मोठेच.

पण ‘पोहोचला’ आणि ‘सुरक्षित राहिला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमचे भांडण येथेच आहे. अथेन्सच्या प्रयोगाने पहिली सिद्ध केली; लेखक दुसरी तिच्याच खाती जमा करतात. कूटलेखनात 1883 पासून, केर्कहॉफ्स यांच्यापासून, एक दंडक आहे: यंत्र शत्रूला माहीत आहे असेच धरून चालायचे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. येथे किल्ली म्हणजे लेझरचे गुणधर्म: आरशाचे अंतर, विद्युतप्रवाह वगैरे. ती नेमकी किती मोठी, हे संख्येत सांगणे अवघड. शिवाय 1995 मध्ये पेरेझ व सेर्देइरा यांनी लॉरेन्झच्या समीकरणांतून निघालेल्या केऑसमध्ये लपवलेला संदेश जुळे यंत्र न बनवताच बाहेर काढून दाखवला. लेझरचा केऑस त्याहून बराच गुंतागुंतीचा असतो हे खरे. परंतु गुंतागुंत म्हणजे सुरक्षिततेची सिद्धता नव्हे. आणि लय सहज जुळते हा ज्या योजनेचा गुण, तोच चोराच्याही पथ्यावर पडतो.

शिक्षकांनी हे फळ्यावरच तपासावे. तिसरा गट चोर. तो पहिल्या गटाची उत्तरे ऐकतो आणि तशीच मिसळतो, पण 4 ऐवजी 3.9 ने गुणतो. आम्ही केले तेव्हा त्याची चूक बहुधा शंभराव्या भागाच्या आतच राहिली. पहिल्या गटाने उत्तरांत अधूनमधून 0.1 मिळवले तर चोराला ते कळते. 0.001 मिळवले तर कळत नाही. मात्र तेवढा क्षीण संदेश तंतूतल्या गोंगाटात खऱ्या मालकाला तरी कितपत ऐकू येईल?