बोध आणि साक्ष

मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला कीं 'हें सारें प्रचारी लेखन' असा शेरा मारून तें बाजूस सारण्याची आमच्या सुशिक्षित वर्गाची जुनी संवय आहे. हा शेरा आम्हांस अपुरा वाटतो. एखाद्या घटनेंतून श्रद्धेचा बोध काढणें हा कांहीं गुन्हा नाहीं. पूर्वरंगांतलें तत्त्व उत्तररंगांतील आख्यानानें ठसवितांना आमचे हरिदास तरी दुसरें काय करतात? पाहावयाचें तें एवढेंच कीं, बोधाला अडचणीचें जें असेल तें लेखक वाचकापुढें ठेवतो कीं झांकून ठेवतो.

बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याला मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. यमुना व तिचा पति विनायक प्रवासास निघतात आणि जागोजाग विधवांच्या दुःखाच्या हकीकती त्यांच्या कानीं येतात. या हकीकती आजही मन अस्वस्थ करतात, कारण त्या रचलेल्या वाटत नाहींत. पुढें विनायक अकालीं मरण पावतो, यमुनेवरच वैधव्य येतें, आणि शेवटीं ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. येथें आमचें मन अडतें. ग्रंथकर्ता आपल्या नायिकेला तीरास लावतो. पण जिच्या केशवपनाची हकीकत ऐकून आपण क्षणभर पुस्तक मिटलें होतें, ती मागेंच राहते. शिवाय विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षीं, म्हणजे १८५६ सालीं झाला होता. तेव्हां यमुनेपुढें दुसरी वाट निदान कागदावर तरी होती. त्या वाटेचें काय, हा प्रश्न वाचकाच्या मनांत राहून जातो.

कल्पित कथेंत पात्रें हवीं तशीं हलवितां येतात. तीच मोकळीक इतिहासांत घेतली तर अन्याय होतो तो खऱ्या माणसांवर. गोव्यांतील साष्टी प्रांताचें उदाहरण घेऊं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार जेझुइट सोबती मारले गेले. १८९३ सालीं रोमनें या पांचांची गणना धन्य पुरुषांत केली. त्यांच्या धैर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं, आणि त्यावरून कोणी श्रद्धेचा धडा दिला तर तो आम्ही आदरानें ऐकूं. पण त्या धड्यांत आधींचीं पाडलेलीं देवळें यावयास नकोत काय? आणि हत्येनंतर बोलण्याच्या मिषानें असोळणेंच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलेले गांवचे पुढारी? हेच आक्वाविवा नुकतेच अकबराच्या दरबारांतून परतले होते. तेथें मौलवींशीं त्यांचे वाद झाले, मतभेद तीव्र होते, आणि तरीही ते सुखरूप परत आले. त्या दरबारीं त्यांच्या पाठीशीं केवळ त्यांचा युक्तिवाद होता. साष्टींत त्यांच्या पाठीशीं पोर्तुगीज राज्य होतें. उपदेशकानें हा फरक सांगितला तर हौतात्म्याचें तेज उणें होईल असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच साष्टींत राहिलेल्या फादर स्टीफन्स यांना ही जाणीव असावी. १६१६ सालीं रायतूरला छापलेल्या त्यांच्या ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभींच एक नवख्रिस्ती गृहस्थ म्हणतो कीं, पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं द्या. जें हिरावून घेतलें, त्याचा एवढा तरी उल्लेख तेथें आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त मात्र (१९३४-३६) ही कसोटी लावण्याचेंही कारण पडत नाहीं, इतकें तें पुस्तक मोकळें आहे. नारायण वामन टिळकांची कथा कोणी उपदेशक सांगूं लागला तर तो १८९३ सालच्या आगगाडीच्या डब्यापासून आरंभ करील: नागपुराहून राजनांदगांवास जातांना भेटलेला गोरा गृहस्थ, त्यानें दिलेलें बायबल, आणि मग १८९५ च्या फेब्रुवारींतला मुंबईचा बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई त्या बाप्तिस्म्याची दुसरी बाजू दाखवितात. ती बाजू पंढरपुरास नातलगांच्या आश्रयानें दिवस काढणाऱ्या एका बाईची आहे. पति जिवंत असून ती एकटी पडली आहे. ज्या श्रद्धेनें आपला संसार मोडला, ती पुढें आपलीही झाली म्हणून मागचें रडणें त्या पुसून टाकीत नाहींत. पतीकडे परतल्यावरही सोवळेंओवळें कांहीं दिवस चालूंच होतें. जातिभेदाची गांठ सुटली ती त्यांच्या स्वतःच्या विचारानें, टिळकांच्या व्याख्यानानें नव्हे.

वडिलांच्या सोवळ्याचें प्रकरण आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. मिशनच्या एखाद्या पुस्तिकेला याहून सोईचें उदाहरण कोणतें मिळणार? पण लक्ष्मीबाई त्याचें मूळ सांगतात: सत्तावनच्या बंडानंतर आजोबांना फांशी झाली आणि त्या धक्क्यानें वडिलांना हें वेड लागलें. देशाच्या इतिहासांतला एक फांस कोंकणस्थाच्या स्वयंपाकघरांत पाण्याच्या घागरी होऊन उतरतो. त्यावर एका धर्माचा निषेध नाहीं, दुसऱ्याचा जयघोष नाहीं. एका दुखावलेल्या माणसाचें आणि त्याच्यापायीं हैराण झालेल्या घराचें तें चित्र आहे. पुढच्या भागांत पाहुण्यांची व संस्थांची वर्दळ वाढते आणि चित्रांचे रंग थोडे पातळ होतात, हेंही सांगितलें पाहिजे.

झांकून ठेवण्याचा दोष मात्र लेखकांच्याच पदरीं घालून चालणार नाहीं. आमच्या घरांतून 'स्मृतिचित्रें' मोठ्या आवडीनें वाचलीं जातात. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा राग, हातीं न टिकणारा पैसा यांच्या गोष्टी जेवतांना रंगतात. १९०० सालीं या बाईनें स्वतः बाप्तिस्मा कां घेतला, याची चर्चा त्याच पाटांवर आम्हीं क्वचितच ऐकली आहे.