अंधारात लिहिलेली भिंत

जुन्या वारली घराला खिडकी क्वचितच असायची. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गेरूचा हात. उजेड यायचा तो दारातून आणि छपराच्या फटींतून. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठीचं भिंतीवरचं चित्र, याच अंधारात लिहिला जायचा. वारली माणूस चित्र ‘काढलं’ म्हणत नाही, ‘लिहिलं’ म्हणतो. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा, आणि सवाशिणींनी लिहायला बसायचं. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग भिंतीतून पांढरं हळूहळू वर येतं: आधी पालघाट देवीचा चौकोन, मागून झाडं, शेवटी माणसं.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाखालून तलासरीच्या बाजूला पायी जाताना डोळ्यांचं नेमकं हेच होतं. म्हणून मला ठामपणे वाटतं, की पिशव्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर भर उजेडात मांडलेल्या या कलेला रस्त्याखालची वाट जास्त मानवेल. ती अंधुक जागेसाठीच घडली आहे.

गंजाडच्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री २०११) यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहा. नाक लावून पाहिलं तर नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा. एकही पट्टीने ओढलेली नाही, प्रत्येक जराशी हललेली. चार पावलं मागे या, आणि जाळं पाण्यात पसरल्यासारखं फुगतं. रेघेतला तो कंपच पाणी होतो. तारप्याच्या नाचात तर चालणाऱ्याचीच सोय आहे. मधे तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा वळसा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेलं शरीर, कंबर एवढीशी, त्यामुळे माणूस भिंतीवर उभा राहत नाही, झुकतो. आपण चालू लागलो की वळसाही फिरतो. चौकटीतलं चित्र थांबून पाहावं लागतं, आणि भुयारात थांबायला कुणाला आवडतं? वारली भिंत चालता चालता वाचता येते.

आपल्या मातीची कला अशी वाटेवर आणता येते, हे ॲमस्टरडॅमने दाखवलं आहे. तिथल्या मध्यवर्ती स्थानकाखालची कौपर्स पॅसेज ही वाट २०१५ मध्ये खुली झाली. लांबी ११० मीटर, रुंदी १०, उंची ३. पायी जाणाऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर इर्मा बोम यांनी निळ्या-पांढऱ्या डच फरशांत जहाजं आणि समुद्र मांडला, आणि पुढे तो विरत नेला. सायकलवाल्यांची बाजू मात्र काळी, पोलादी जाळीची; आवाज ती पिऊन टाकते. जिथे पावलं सावकाश पडतात तिथे तपशील, जिथे वेग तिथे शांतता. मला या वाटेत सर्वांत आवडतो तो हा विवेक.

पण चित्राने वाईट वाट चांगली होत नाही. आत पहिलं पाऊल टाकताच पलीकडचं तोंड दिसलं पाहिजे. मधे वळण आलं की बाई माणूस संध्याकाळी तिथून जाणं सोडते आणि डिव्हायडर ओलांडू लागते. आपल्याकडे एक गोष्ट सोपी आहे. महामार्ग भरावावर असेल तिथे खालची वाट जमिनीलगत राहते, जिने लागत नाहीत, म्हातारं माणूसही सरळ जाऊ शकतं. अवघड आहे तो पाऊस. पुष्कळ ठिकाणी माणसं ज्यातून जातात ती मुळात पाण्यासाठी बांधलेली मोरी असते, आणि आषाढात पाणी आपला हक्क मागतं. एका मोरीत मी शाळेच्या पोरांना चपला हातात घेऊन, भिंतीला पाठ लावून सरकताना पाहिलं. त्या भिंतीवर चित्र कुठवर टिकणार? पाण्याला वेगळी मोरी आणि माणसाला हातभर उंच, कोरडी वाट, हे आधी. तांदळाच्या पिठाऐवजी तिथे टिकाऊ रंग किंवा भाजलेली फरशी लागेल, तेही खरं. पण लिहिणारा हात पाड्यावरचाच हवा, आणि त्याला रीतसर मोल मिळायला हवं. छापील नक्कल चिकटवून भागवू नये. पट्टीने मारलेल्या रेघेत पाणी हलत नाही.

चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा पंधरा दिवस भरते, आणि देऊळ याच महामार्गालगत आहे. नवी वाट आखणाऱ्या इंजिनिअरांना एवढंच सांगणं आहे: त्या दिवसांत इथे येऊन उभे राहा. रुंदी त्या गर्दीवरून ठरवा, आणि उंची मोजताना डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई धरून मोजा.