चाळणी हवी, चोपडी कशाला?

गैरहजर मित्राच्या नावाला दुसऱ्याने ‘हजर’ म्हटले की विद्यार्थी त्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात, हे शिक्षकांना सांगायला नको. इंटरनेटवरचा प्रॉक्सीही असाच दुसऱ्याच्या वतीने बोलतो. विद्यार्थ्याचा संगणक संकेतस्थळाकडे थेट जात नाही. मधला संगणक त्याच्यासाठी पान मागतो आणि आणून देतो. ‘स्क्विड’ हे असे मोफत सॉफ्टवेअर १९९६ पासून उपलब्ध आहे. एकदा आणलेले पान साठवून पुढच्याला तेच द्यायचे, अशी बचत हा त्याचा मूळ हेतू. परंतु ज्याच्या हातून प्रत्येक मागणी जाते, तो ती अडवू शकतो आणि लिहूनही ठेवू शकतो. चाळणी आणि चोपडी ही दोन वेगळी कामे अशी एकाच यंत्रात आली.

एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. त्यांत गाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा उल्लेख होता आणि प्रॉक्सीच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याची सक्ती होती. किमान मुदत सांगितली, कमाल मात्र नाही. शाळेच्या संगणकदालनात प्रॉक्सी बसवताना हाच नमुना उचलावा का? आमच्या मते, उचलू नये.

आधी चाळणी पाहू. ‘स्तन’ हा शब्द अडवला, तर ‘सस्तन प्राणी’ हा धडाही अडतो आणि स्तनाच्या कर्करोगाची माहितीही. शिवाय आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार कूटबद्ध असतो. त्यामुळे प्रॉक्सीची स्थिती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या फाटकावर बसलेल्या रखवालदारासारखी होते. कोण, किती वाजता, कोणाकडे गेला हे तो वहीत लिहितो. आत काय बोलणे झाले ते त्याला कळत नाही. ते कळावे म्हणून प्रत्येक संगणकात शाळेचे स्वतःचे प्रमाणपत्र घालता येते. पण मग शिक्षकांचे बँकेचे पासवर्डही प्रॉक्सीसमोर उघडे पडतात.

आता चोपडी. पानातला मजकूर दिसत नाही म्हणून चाळणी आंधळी ठरते. पण स्थळाचे नाव दिसते म्हणून चोपडी बोलकी होते. नोंदीत वेळ, यंत्राचा क्रमांक आणि स्थळ असते. मुले हजेरी क्रमांकाने बसत असतील, तर यंत्राचा क्रमांक म्हणजेच मुलाचे नाव. एखाद्या मुलीने १०९८ या बाल-मदतवाहिनीचे स्थळ उघडले, तर ज्याच्याविरुद्ध तिची तक्रार आहे तोच माणूस ती नोंद वाचणारा असू शकतो.

नोंदी अगदीच नकोत असे आम्ही म्हणत नाही. लाइन कुठे तुंबते, कोणत्या यंत्रात व्हायरस शिरला, हे शोधायला त्या लागतात. त्यासाठी आठवडाभराच्या नोंदी पुरतात. नंतर त्या पुसाव्यात. यंत्राचा क्रमांक झाकून नोंद करण्याची सोयही स्क्विडमध्ये आहे. गाळायचे ते शब्दांवरून न गाळता निवडक स्थळांच्या यादीने गाळावे. काय अडवले जाते, काय लिहिले जाते आणि ते कोण वाचते, हे दालनाच्या दारावर स्पष्ट लिहावे.

आणि प्रॉक्सी बसवण्यापूर्वी एक प्रयोग जरूर करावा. शिक्षकांनी स्वतःच्या एका तासाच्या वापराची नोंद छापून घ्यावी, आणि ती शिक्षककक्षातील फलकावर लावायची आपली तयारी आहे का, ते स्वतःला विचारावे.