वायमार राज्यघटनेचें ४८ वें कलम : एक चिकित्सा

एखाद्या जुन्या पोथीची चिकित्सा करतांना आपण प्रथम दोन प्रश्न विचारतों. मूळ पाठ कोणता, आणि मागाहून घुसडलेला भाग कोणता? ११ ऑगस्ट १९१९ ची जर्मन राज्यघटना वायमार या नगराच्या नांवानें ओळखिली जाते. ती या कसोटीस लावली असतां एक विलक्षण प्रकार दृष्टीस पडतो. हिटलरच्या राजवटीनें ही घटना विधिपूर्वक कधींच रद्द केली नाहीं. पोथी कपाटांत राहिली. तींत वर्णिलेली लोकसत्ता मात्र नाहींशी झाली. अस्सल कागद हातीं आला म्हणजे सत्यच हातीं आलें, असें मानणाऱ्या आम्हां संशोधकांस हा प्रकार विचार करावयास लावणारा आहे.

याविषयीं रूढ मत असें कीं, सर्व दोष ४८ व्या कलमाचा. सार्वजनिक सुरक्षितता व सुव्यवस्था धोक्यांत आल्यास अध्यक्षानें आवश्यक ते उपाय योजावे, प्रसंगीं सैन्याचें साहाय्य घ्यावें, आणि सात कलमांतील मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करावे, अशी मुभा त्यांत होती. हा पूर्वपक्ष झाला. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. पण अपुरा आहे. कारण त्याच कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदांत, असे उपाय राइश्टागला तत्काळ कळवावे व तिनें मागणी केल्यास मागें घ्यावे, अशी स्पष्ट आज्ञा आहे. शास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर उत्सर्ग, अपवाद आणि अपवादाची मर्यादा हीं तिन्ही तेथें आहेत. पहिले अध्यक्ष एबर्ट यांनीं १९१९ ते १९२५ या काळांत या कलमाचा सव्वाशेंहून अधिक वेळां उपयोग केला. तरीहि प्रजासत्ताक टिकलें. तेव्हां केवळ पाठदोषानें सर्व उलगडा होत नाहीं.

खरी मेख १९३० मध्यें सांपडते. जुलै महिन्यांत चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांची आर्थिक योजना राइश्टागनें फेटाळली. ती हुकमानें अमलांत आणिली गेली. १८ जुलै रोजीं राइश्टागनें तिसऱ्या परिच्छेदान्वयें तो हुकूम मागें घेण्याची मागणी केली, तेव्हां अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनीं २५ व्या कलमानें राइश्टागच विसर्जित केली आणि तेच उपाय नव्या हुकमानें पुन्हां जारी केले. पहारेकऱ्यानें हटकतांच पहारेकरीच काढून टाकावा, असा हा न्याय! सप्टेंबरच्या निवडणुकींत नात्सी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. पुनः विसर्जन झाल्यास त्या आणखी वाढतील या भयानें सोशल डेमोक्रॅटांनीं पुढील हुकूम मुकाट्यानें चालूं दिले. १९३१ मध्यें राइश्टागनें ३४ कायदे केले, तर हुकूम ४४ निघाले. १९३२ मध्यें कायदे अवघे ५ उरले. मर्यादेचें वाक्य पोथींत होतेंच. तें उच्चारण्याचें धैर्य कोणांत उरलें नव्हतें.

पुढील दोन कागद प्रसिद्धच आहेत. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चॅन्सेलर झाला. राइश्टागच्या इमारतीस आग लागल्यानंतर २८ फेब्रुवारीस निघालेल्या हुकमानें तीं सातहि कलमें “पुढील सूचना होईपर्यंत” स्थगित झालीं. ती सूचना १९४५ पर्यंत आली नाहीं. २३ मार्च रोजीं ४४४ विरुद्ध ९४ मतांनीं कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळास देण्यांत आला. ८१ कम्युनिस्ट सभासदांस सभागृहांत येऊंच दिलें नव्हतें. शिवाय सबळ कारणाविना गैरहजर राहणाऱ्यांस हजर धरावें, असा कामकाजाच्या नियमांत त्याच दिवशीं बदल करून गणसंख्येची अडचण आधींच दूर केली होती. अध्यक्षाचे अधिकार अबाधित राहतील, असें या कायद्याचें दुसरें कलम म्हणतें. ऑगस्ट १९३४ मध्यें हिंडेनबुर्ग वारले आणि तें पद हिटलरच्या पदांत विलीन झालें. चार वर्षांची मुदत १९३७, १९३९ व १९४३ मध्यें वाढविली गेली.

या सर्वांत मूळ संहितेचें एक अक्षरहि खोडावें लागलें नाहीं. दोन तृतीयांश मतें मिळालीं कीं पाठ न बदलतां त्याविरुद्ध कायदा करतां येतो, हा प्रघात पूर्वींच मान्य झाला होता. आमच्या मतें खरें छिद्र हेंच. समासांतील टीपेस मूळाइतकें प्रामाण्य दिलें, म्हणजे मूळ जाळण्याची गरज राहत नाहीं. १९४९ च्या जर्मन मूलविधीच्या कर्त्यांनीं हें ओळखिलें. त्याच्या ७९ व्या कलमाचा आरंभच असा आहे कीं, मूलविधीचा शब्दपाठ स्पष्टपणें बदलणाऱ्या अथवा त्यांत भर घालणाऱ्या कायद्यानेंच त्यांत दुरुस्ती व्हावी. हा पाठचिकित्सकाचाच नियम होय : बदल करणें तर उघड करा आणि पाठांत करा.

सबब, कोणत्याहि राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्यानें केवळ तिची शुद्ध प्रत मिळवून स्वस्थ बसूं नये. तिजबरोबर त्या वर्षांचीं राजपत्रें, सभागृहाच्या कामकाजाचे नियम आणि मतदानाच्या दिवशींचा हजेरीपट हेहि मिळवावे. लोकसत्तेच्या अंताची तिथि मूळ संहितेंत सांपडत नाहीं. ती या किरकोळ वाटणाऱ्या कागदांतच नोंदलेली असते.