मूलभूत चौकट : हायडेलबर्ग ते दिल्ली

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपैकी ज्याचे नाव पुष्कळांनी ऐकले आहे पण जो फारच थोड्यांनी वाचला आहे, असा निकाल म्हणजे केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने तो दिला. संसदेला राज्यघटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करता येईल, मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असे त्याचे सार आहे. तो सात विरुद्ध सहा अशा मताधिक्याने झाला. म्हणजे एक न्यायमूर्ती पलीकडे बसले असते, तर भारताचा पुढचा इतिहास वेगळा घडू शकला असता.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी या निकालाकडे मुद्दाम वळून पाहावे, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे या विचाराची एक वाट आपल्या हायडेलबर्गवरून गेली आहे. दुसरे असे की, आपल्यापैकी अनेकांनी इथले नागरिकत्व घेताना 'स्वतंत्र लोकशाही मूलभूत व्यवस्थे'शी निष्ठा जाहीर करणाऱ्या कागदावर सही केली आहे, आणि काहीजण ती करू की नको या विचारात आहेत. ज्या घटनेचा आपण निरोप घेतो आणि ज्या घटनेच्या घरात पाऊल टाकतो, त्या दोहोंत 'न बदलणारे' असे काय आहे, हे ठाऊक असलेले बरे.

वाराणसीचे व्याख्यान

हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ साली सुरू झाली. मराठी वाचकाला ती प्रामुख्याने गुंथर सोन्थायमर यांच्यामुळे माहीत असते. खंडोबा, धनगर आणि दख्खनचे लोकदैवत यांच्या मागे आयुष्यभर हिंडलेले हे विद्वान मुळात कायद्याचेही अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर इतिहासावर त्यांचा ग्रंथ आहे. त्याच संस्थेत डीट्रिश कॉनराड हे भारतीय घटनेचा अभ्यास करीत होते.

फेब्रुवारी १९६५ मध्ये कॉनराड यांनी वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात एक व्याख्यान दिले. विषय होता, घटनादुरुस्तीच्या अधिकाराला घटनेतच गृहीत असलेल्या मर्यादा. त्यांनी श्रोत्यांपुढे काही प्रश्न टाकले. दोनतृतीयांश बहुमत आहे म्हणून जीविताच्या हक्काचे एकविसावे कलमच काढून टाकता येईल काय? सत्ताधारी पक्षाचे बहुमत ओसरू लागले, तर दुरुस्तीचा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींकडे सोपवता येईल काय? घटना रद्द करून पुन्हा मोगल बादशाही किंवा इंग्लंडच्या राजाचे राज्य आणता येईल काय? त्या काळी भारतात हे प्रश्न विद्वानाच्या गमतीसारखे वाटले असतील. दहाच वर्षांनी ते गमतीचे राहिले नाहीत.

हा विचार ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्यापर्यंत पोहोचला आणि १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात त्यांनी तो मांडला. त्या वेळी न्यायालयाने वेगळी वाट धरली. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्तीच संसदेला करता येणार नाही, असे सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवले. १९७३ साली ते मत मागे पडले, आणि कॉनराड यांचा युक्तिवाद न्या. हंसराज खन्ना यांच्या निकालपत्रात नावानिशी आला.

बॉन आणि दिल्ली

कॉनराड यांना हे प्रश्न सुचले ते जर्मनीच्या अनुभवामुळे. वायमार घटनेत दुरुस्तीच्या आशयाला काहीही मर्यादा नव्हती. २४ मार्च १९३३ च्या कायद्याने दोनतृतीयांश बहुमत जमवून हिटलरच्या मंत्रिमंडळाला संसदेविना कायदे करण्याचा अधिकार दिला. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा भूमिगत होते. विरोधात मते दिली ती फक्त समाजवादी लोकशाही पक्षाने. वायमार घटना रीतसर रद्द कधी झालीच नाही. ती नियमाला धरून पोकळ करण्यात आली.

हा धडा घेऊन १९४८-४९ मध्ये बॉन येथे ग्रुंडगेझेट्झ लिहिले गेले. त्याच्या ७९ व्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, संघाची राज्यांत विभागणी, कायदे करण्यात राज्यांचा सहभाग, आणि पहिल्या व विसाव्या कलमातील तत्त्वे, म्हणजे मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, कायद्याचे राज्य वगैरे, यांना धक्का लावणारी दुरुस्ती अग्राह्य आहे.

त्याच महिन्यांत दिल्लीत आपली घटना आकार घेत होती. बॉन विद्यापीठात नाव दाखल केलेला एक मराठी विद्यार्थी तिच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात याच विषयाला हात घातला आहे. घटना समितीने आपल्या कामावर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही. ज्यांना ही घटना पसंत नाही त्यांनी दोनतृतीयांश बहुमत मिळवावे आणि ती बदलावी, असा त्यांचा आशय होता. बॉनकरांनी जे लिहून ठेवले, ते दिल्लीकरांनी लिहिले नाही.

केशवानंद निकालावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. न लिहिलेले कलम न्यायालयाने वाचले कसे?

निकालपत्र कसे आहे

कासारगोडजवळच्या एडनीर मठाच्या स्वामींनी केरळच्या जमीन सुधारणा कायद्याला आव्हान दिले, तेथून खटला सुरू झाला. सुनावणी अडुसष्ट दिवस चालली. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे प्रमुख आवाज मुंबईचे होते. मठाच्या बाजूने नानी पालखीवाला, आणि केरळ सरकारच्या बाजूने महाराष्ट्राचे तत्कालीन महाधिवक्ता एच. एम. सीरवई. संसदेचा अधिकार अमर्याद आहे असे हिरिरीने मांडणाऱ्या सीरवईंनी आणीबाणीच्या अनुभवानंतर आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत बहुमताचा निष्कर्ष बरोबर असल्याचे मान्य केले. विद्वत्तेतला असा प्रामाणिकपणा दुर्मीळ.

निकाल म्हणून वाचायला घेतला तर मात्र निराशा पदरी येते. तेरा न्यायमूर्तींची अकरा निकालपत्रे! मूलभूत चौकटीत काय काय येते, याची प्रत्येकाची यादी निराळी. सरन्यायाधीश सिक्री यांच्या यादीत घटनेची सर्वोच्चता, प्रजासत्ताक लोकशाही, धर्मनिरपेक्षता, सत्ताविभाजन आणि संघराज्य. शेलत आणि ग्रोव्हर यांनी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि देशाची एकात्मता यांचीही भर घातली. इतरांनी आणखी काही. शेवटी 'बहुमताचे मत' म्हणून एक छोटा कागद तयार झाला, त्यावर नऊ जणांच्या सह्या झाल्या आणि चौघांनी सही केली नाही. सही करणाऱ्या नऊ जणांत न्या. पालेकर आणि न्या. यशवंत चंद्रचूड हेही होते, आणि ते दोघे मुख्य प्रश्नावर अल्पमतात होते. तेव्हा नेमके कोणाचे बहुमत कशावर झाले, यावर वकील मंडळी वाद घालत राहिली, यात नवल नाही.

तरीही त्या पसाऱ्यात एक युक्तिवाद टिकाऊ आहे, आणि तो न्या. खन्ना यांचा. त्यांनी न लिहिलेले कलम शोधलेच नाही. 'दुरुस्ती' या शब्दाचा अर्थ लावला. दुरुस्तीनंतरही मूळ वस्तू ओळखू यावी लागते. घराच्या भिंती हलवल्या, खिडक्या बदलल्या तर ती दुरुस्ती. घर पाडून तिथे तुरुंग बांधला, तर त्याला कोणी डागडुजी म्हणत नाही. आंबेडकरांच्या भाषणाशीही याचा विरोध येत नाही. बहुमत मिळवा आणि घटना बदला, हे ते म्हणाले. बहुमत मिळवून पुढच्या पिढीचा बहुमत मिळवण्याचा मार्ग बंद करा, असे त्यांच्या म्हणण्यातून निघत नाही. माझ्या मते निकालाचा निष्कर्ष योग्य आहे, पण त्याची मांडणी ढिसाळ आहे, आणि त्या ढिसाळपणाची किंमत पुढे मोजावी लागली.

एका न्यायमूर्तींचा प्रवास

या तत्त्वाचे बळ आणि दुबळेपण दोन्ही पाहायचे असेल, तर पुण्याच्या न्या. यशवंत चंद्रचूड यांची चार निकालपत्रे एकापुढे एक ठेवून वाचावीत. १९७३ मध्ये ते मूलभूत चौकटीच्या विरोधात होते. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण खटल्यात, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी ३९ व्या दुरुस्तीतील तरतूद रद्द करताना, त्यांनी तेच तत्त्व बंधनकारक मानून वापरले. २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर खटल्यात, आणीबाणीत अटक झालेल्याला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे म्हणणाऱ्या चौघांत ते होते. विरोधात एकटे न्या. खन्ना. आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच ४२ व्या दुरुस्तीचे गाभ्याचे भाग रद्द केले. मर्यादित अधिकार मिळालेल्याला तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करता येत नाही, असे सांगून.

शेवटचे वाक्य वाचताना वाराणसीचे व्याख्यान आठवल्यावाचून राहत नाही. पण त्याआधीचे १९७६ सालही विसरता येत नाही. जबलपूरचा प्रश्न घटनादुरुस्तीचा नव्हता, हे खरे. पण कागदावर चौकट शाबूत असताना माणसे तुरुंगात होती. घटनेच्या खांबांचे रक्षण करणारे तत्त्व त्या खांबाला टेकून बसलेल्या माणसाचे रक्षण करीलच असे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला, आणि त्यातले प्रमुख निकालपत्र त्यांच्या चिरंजीवांचे, न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. दुरुस्तीला एक्केचाळीस वर्षे लागली.

महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यातून निघालेला वामनराव खटलाही याच काळातला. त्यात न्यायालयाने एक तारीख आखून दिली : २४ एप्रिल १९७३ पूर्वी नवव्या परिशिष्टात घातलेल्या कायद्यांना हात लावायचा नाही, त्यानंतरचे मात्र मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासायचे. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचे होते, नाहीतर जमिनीच्या फेरवाटपाचे जुने कज्जे पुन्हा उकरले गेले असते. पण तर्काला ते पटत नाही. चौकट १९५० पासूनची असेल, तर ती १९७३ पासूनच का जपायची? तत्त्व घटनेतून सापडले की न्यायालयाने त्या दिवशी घडवले, या प्रश्नाचे उत्तर त्या तारखेने नकळत देऊन टाकले आहे.

कार्ल्सरूहेशी तुलना

इथल्या घटना न्यायालयाच्या हाती १९४९ चे लेखी कलम आहे. त्या कलमाच्या आधारे कार्ल्सरूहेने एकही घटनादुरुस्ती रद्द केलेली नाही. १९७० साली संभाषणे चोरून ऐकण्याविषयीची आणि २००४ साली घरात श्रवणयंत्रे बसवण्याविषयीची दुरुस्ती न्यायालयाने टिकवली. दोन्ही वेळा काही न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. उलट भारतात लेखी कलम नसताना १९७५, १९८० आणि २०१५ साली दुरुस्त्या पूर्णतः किंवा अंशतः रद्द झाल्या.

याचा अर्थ भारतीय न्यायमूर्ती धाडसी आणि जर्मन भित्रे, असा नव्हे. फरक निवडणूक पद्धतीत आहे. इथे दुरुस्तीला बुंडेस्टाग आणि बुंडेसराट दोन्हींत दोनतृतीयांश लागतात, आणि जागा मतांच्या प्रमाणात मिळत असल्याने एकाच पक्षाच्या हाती तेवढे बळ येणे कठीण. विरोधकांशी बोलावेच लागते. भारतात १९७१ साली काँग्रेसला सुमारे ४४ टक्के मतांवर लोकसभेच्या ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. आंबेडकरांनी दोनतृतीयांश बहुमताला जनमताचा पुरावा मानले होते. ते गणित इथे फसते. जो अडसर जर्मनीत संसदेच्या आतच आहे, तो भारतात न्यायालयाला बाहेरून घालावा लागला. मूलभूत चौकटीचे खरे समर्थन मला यात दिसते.

पण म्हणूनच अडसर घालणाऱ्याने संयम पाळला पाहिजे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायमूर्तींच्या नेमणुकीसाठी आयोग आणणारी ९९ वी दुरुस्ती चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाली. न्यायपालिकेचे स्वातंत्र्य चौकटीत येते, हे मान्य. पण न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडावेत ही रीत मूळ घटनेत नाही. ती १९९३ च्या निकालातून आली. स्वतःच्या अधिकाराच्या प्रश्नात यादी मोघम असणे फार सोयीचे ठरते. जर्मनीत घटना न्यायालयाचे न्यायमूर्ती संसदेची दोन्ही सभागृहे निवडतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या न्यायालयाची रचना, बारा वर्षांची मुदत आणि स्वायत्तता राजकीय पक्षांनी आपसात बोलून घटनेत लिहून टाकली. जे जपायचे ते लिहून ठेवावे, ही बॉनची जुनी शिकवण.

भारतातही चौकट लिहून काढावी का? आजच्या परिस्थितीत मला ते धोक्याचे वाटते, कारण लिहिणारा हात ज्याचे बहुमत त्याचाच असेल. त्यापेक्षा न्यायालयाने आपली यादी छोटी ठेवावी, आणि प्रत्येक वेळी खन्नांचा साधा प्रश्न विचारावा : ही दुरुस्ती झाल्यावर लोकांना ती पुन्हा फिरवण्याचा मार्ग उरतो का? उरत असेल, तर संसदेचा निर्णय पटो न पटो, तो राहू द्यावा. उरत नसेल, तर मात्र एका मताच्या बहुमतानेही तो रोखावा.

आपण परदेशस्थ मंडळी भारतातल्या निकालांची चर्चा बहुधा कोण जिंकले, कोण हरले याच अंगाने करतो. केशवानंद भारती स्वामी स्वतः त्या अर्थाने जिंकले असे म्हणणे अवघड आहे. ज्या दुरुस्तीने केरळचे जमीन कायदे संरक्षित झाले, ती न्यायालयाने टिकवली. तरी त्यांच्या नावाने उभे राहिलेले तत्त्व आज भारतात आणि बांगलादेशातही उद्धृत होते. पक्षकार ज्यासाठी येतो ते एक, आणि निकालातून देशाला मिळते ते दुसरेच, याचे याहून मोठे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. सवड काढून निदान खन्नांचे निकालपत्र तरी वाचावे, अशी वाचकांना विनंती आहे.